सकाळचा कापूस, दुपारचा कापूस

मावला, आदिलाबाद
१६ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. आशास,

हे पत्र सकाळी वाच. दुपारनंतर अक्षरं दुहेरी दिसतात, असं तू एकदा तलमडुगूला, आपल्या घराच्या ओसरीवर म्हणाली होतीस. हातात कुणाची तरी लग्नपत्रिका होती. "आक्का, मले एकाचे दोन दिसून राह्यले." मी हसले होते. म्हटलं होतं, मग आहेरही दोनदा द्यावा लागणार तुला.

आठ वर्षांनी नणंदेचं पत्र आलं की माणूस आधी विचारणार, घरातलं कोण गेलं? कुणी गेलं नाही. बाबा गेले ते तुला कळलंच होतं. आई आहे, गुडघ्यांमुळे बसून असते. तू माहेरी गेल्यापासून महिपत एकटाच आहे. शेत तोच बघतो.

मागच्या महिन्यात मी तीन आठवडे हैदराबादला होते. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांना सरकार अधूनमधून पुन्हा विद्यार्थी करतं, तसल्या वर्गाला. एके दिवशी एक डॉक्टरीणबाई थायमस नावाच्या ग्रंथीवर बोलायला आल्या. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर ही ग्रंथी असते. आमच्या पुस्तकात तिच्यावर दोन ओळी आहेत: लहानपणी मोठी असते, वयात आल्यावर आकसत जाते. एकोणीस वर्षं मी त्या दोन ओळी पोरांना सांगितल्या आणि पुढच्या धड्याला गेले.

बाईंनी पडद्यावर दोन फोटो दाखवले. दोन्ही फोटोंत बाई एकच. पहिला फोटो सकाळी आठचा, दुसरा संध्याकाळी पाचचा. सकाळी चेहरा तुझ्यामाझ्यासारखा. संध्याकाळी डावी पापणी अर्ध्यावर आलेली. फोटो काढणाऱ्यानं तिला हसायला सांगितलं असावं. ओठांची टोकं वर जात नव्हती, नुसतं नाक आक्रसलं होतं आणि वरचे दात दिसत होते. बाई म्हणाल्या, या रोगात हसू असं उमटतं, घरच्यांना वाटतं ही आपल्याला वेडावून दाखवते.

खोलीत फोटोसाठी अंधार केला होता, ते बरं झालं.

रोगाचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. विश्रांतीनंतर स्नायू चालतात, वापरले की थकतात. पापणी, जबडा, घसा, हात. पुन्हा निजून उठलं की काही काळ ठीक. मी डॉक्टर नाही आणि तुला हाच आजार आहे असं पत्रातून सांगू शकत नाही. पण तपासायला हवं. नागपूरला मेंदू-नसांचे डॉक्टर आहेत, मी चौकशी केली आहे. मी न्यायला येईन.

आणखी एक. हे तुझ्या पांडुरंगदादांनाही वाचून दाखव. तपासणी होईपर्यंत ताप आला तर मलेरियाच्या गोळ्या किंवा कसलंही इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना हे पत्र दाखवा. काही औषधांनी हा आजार एकदम वाढतो, श्वासावर येतो. आपल्याकडे तापाला पहिली गोळी कोणती देतात ते तुला माहीत आहे.

त्या वर्षी घरात तुझ्याबद्दल जे बोललं गेलं, ते चूक होतं.

विनोदिनी


मावला
७ डिसेंबर १९९७

चि. सौ. आशास,

उत्तर तुझ्या भावाचं आलं. पांडुरंगदादांचं अक्षर मोठं आहे, तरी कार्ड अर्धं रिकामं होतं. लिहिलंय: "तिला घास गिळता येत नाही, पाणी नाकातून येतं. तुमच्या घरी होती तेव्हा एवढं नव्हतं. आता डॉक्टर आठवले काय? तुमचा काटा तुमच्यापाशीच ठेवा."

मी ते कार्ड यांना दाखवलं. अनंतरावांची आजवरची सगळी नोकरी महसूल कचेरीत गेली, त्यामुळे घरातही ते त्याच भाषेत बोलतात. म्हणाले, "फैसला तू आधी देलता, तहकीकात आता करून राह्यली." मग माझा चेहरा बघून चहा करायला उठले. एवढ्या वर्षांत तिसऱ्यांदा वगैरे.

"बोललं गेलं" असं मी मागच्या पत्रात लिहिलं. शाळेतली मुलं काचेचं भांडं फुटलं की असंच सांगतात, फुटलं. आज नीट लिहिते.

त्या वर्षी सीतादहीच्या दिवशी, वेचणीच्या आधी कापसाला दाखवायच्या नैवेद्याचं, दहीभाताचं भांडं तुझ्या हातून पडलं. दुपार होती. कापसाचं झाड पूजलेलं, खाली भात सांडलेला, आणि आई म्हणाली, "सकायी घोड्यावानी, अन् दुपारी मेल्यावानी. सोंगं करते नुसती." मी दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आले होते. भांडण मला आवडत नाही. आणि मी शास्त्र शिकवते, याचा मला फार अभिमान होता. मी म्हटलं, भांडू नका, मोजून बघू.

तीन दिवस मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वजनाचा काटा घेऊन बसले. सकाळपासून जेवणापर्यंतची तुझी वेचणी वेगळी, दुपारची वेगळी. शेजारी देवकाबाई वेचत होत्या, त्यांचीही मोजली, तुलना हवी म्हणून. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मी दोन रकाने आखले. देवकाबाईंचे सकाळ-दुपारचे आकडे थोडेफार सारखे. तुझे सकाळी बारा किलो, दुपारी तीन. दुसऱ्या दिवशी अकरा आणि अडीच. तिसऱ्या दिवशी बारा आणि दोन. तिसऱ्या संध्याकाळी अंगणात सगळ्यांसमोर मी ते पान वाचून दाखवलं आणि म्हटलं, अशक्तपणा असता तर सकाळी देवकाबाईंपेक्षा जास्त वेचला नसता. म्हणजे अंगात ताकद आहे, मनात नाही.

तू माझ्याकडे बघून हसलीस. मला वाटलं, वेडावते आहे. मी म्हणाले, "बघा, लाज तरी आहे का?"

हैदराबादच्या बाईंना मी हे आकडे तोंडी सांगितले. कुणाचे ते सांगितलं नाही. त्यांनी वहीत लिहून घेतले. म्हणाल्या, इतकी स्वच्छ नोंद आम्हाला दवाखान्यात मिळत नाही, ज्यानं मोजलं त्याला शाबासकी द्या.

काटा बरोबर होता, आशा. मी चुकीची होते.

आता ती ग्रंथी काय करते ते सांगते. तू सातवीपर्यंत शाळेत पहिली होतीस, तुला समजेल. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काही हाडांच्या मज्जेत जन्मतात आणि कोवळ्या असतानाच थायमसमध्ये येतात. तिथं त्यांची शाळा असते. त्यांना टी पेशी म्हणतात, थायमसवरूनच. आधी बघतात, तुला आपल्या घरच्या पेशींची खूण वाचता तरी येते का? ज्यांना येत नाही त्या तिथंच संपतात. मग बघतात, घरचं काही दिसलं की तू त्याच्यावर धावून जातेस का? ज्या धावून जातात त्यांनाही बाहेर सोडत नाहीत. शंभरातल्या दोन-चार पास होतात. इतकी कडक परीक्षा कशासाठी, तर बाहेर गेल्यावर त्यांच्या हाती फार मोठं काम असतं. जंतू शिरला की या पेशी हाक देतात, बाकीच्या धावत येतात, ती जागा लाल होते, सुजते, तापते. पायात काच गेली की होतं ते. त्याला दाह म्हणतात. दाह वाईट नसतो, तो नसता तर आपण पहिल्याच पावसाळ्यात मेलो असतो. पण तो वेळेवर शमावा लागतो. हैदराबादच्या बाई म्हणाल्या, काही टी पेशींचं काम दुसऱ्यांना शांत करणं हेच असतं, असं दोन वर्षांपासून काही शास्त्रज्ञ सांगू लागले आहेत. सगळ्यांना अजून पटलेलं नाही.

मायस्थेनियात खुद्द त्या शाळेतच दाह झालेला असतो. वयानं आकसायची ती ग्रंथी फुगलेली राहते. तिथून निघालेल्या काही पेशी आपल्याच स्नायूला परका समजतात आणि त्याच्याविरुद्ध हत्यारं बनवायला इतर पेशींना भरीस घालतात. नस जिथं स्नायूला निरोप देते, त्या दारावरच ही हत्यारं बसतात. पहिले काही निरोप कसेबसे आत जातात. मग जात नाहीत. तू हाताला म्हणत होतीस, वेच. हाताला ऐकूच येत नव्हतं.

आपल्या घरातही असंच झालं असं म्हणण्याचा मोह होतो. घरच्याच माणसाला परकं ठरवलं, आणि विझवणारं कुणी नव्हतं. पण पेशींना कळत नसतं. मला कळायला हवं होतं.

पांडुरंगदादांना सांग, मी काटा घेऊन येत नाही. मी पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येते. दार उघडू नये वाटलं तर उघडू नका. पण गिळताना ठसका लागत असेल तर भात पातळ कर, जेवण सकाळीच जास्त कर, आणि बसूनच जेव.

विनोदिनी


मावला
१८ जानेवारी १९९८

प्रिय आशा,

नागपूरहून तुला पाटणबोरीला दादांकडे सोडून मी पुढच्या गाडीनं आले. पैनगंगेच्या पुलावर गाडी बराच वेळ थांबली होती, समोर ट्रक बंद पडला होता. तेवढ्या वेळात जे मनात आलं ते लिहिते, कारण तुझ्यासमोर मला बोलता आलं नाही.

त्या पहिल्या रविवारी पांडुरंगदादांनी दार उघडलं, पण बसा म्हणाले नाहीत. मी उंबऱ्याशी उभी. तू आतून आलीस. सकाळचे साडेनऊ होते, तुझे दोन्ही डोळे नीट उघडे होते. आठ वर्षांत तू किती वाळलीस हे मी बघत होते आणि तू माझ्या चपलांकडे बघत होतीस. म्हणालीस, "पायी आल्या काय स्टँडापासून? धुया पाय." तुझ्या भावानं तोंड फिरवलं, पण पाण्याची बादली त्यांनीच आणली.

नागपूरच्या डॉक्टरांनी तुला वर छताकडे बघायला लावलं. मिनिटभरात डावी पापणी उतरली. मग म्हणाले, मोठ्यानं आकडे मोजा. तू मोजू लागलीस. पंचविसाला आवाज नाकात गेला, बत्तीसनंतर मला काही समजेना. आकडे ऐकताना मला माझंच पान आठवत होतं, बारा आणि तीन, अकरा आणि अडीच.

मग इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, थांबा, वीस मिनिटं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते, म्हणून पापणी वर जाताना मी पाहिली नाही. दादांनी पाहिली. ते म्हणाले, "आशे, तुहा डोया." एवढंच. तू पुन्हा मोजायला लागलीस. शंभर झाले, डॉक्टर पुरे म्हणाले, तू थांबली नाहीस. एकशे चाळीसला थांबलीस आणि दादांकडे नाही, माझ्याकडे नाही, त्या टेबलाकडे बघून म्हणालीस,

"म्हंजे मी सोंग नोहती करत."

आणि मग हळू आवाजात, "मलेच वाटू लागलं होतं, का मी सोंग करून राह्यली."

तुझं नाव खराब केलं याचं दुःख मला होतंच. पण तुझ्याच मनात तुझी साक्ष खोटी ठरवून ठेवली, तिथपर्यंत माझं ते पान पोचलं असेल हे मला माहीत नव्हतं. आठ वर्षं तू रोज दुपारी स्वतःलाच पकडत होतीस.

एक हलकी गोष्ट सांगते. काल मुलांना खरी थायमस दाखवावी म्हणून मी बाजारात मटणवाल्याकडे गेले. फळ्यावर चित्र काढण्यात एकोणीस वर्षं गेली, एकदा डोळ्यांनी बघावी. त्याला चित्र दाखवलं. त्यानं मान हलवली. "ये तो बच्चे में मिलता मैडम, बड़े बकरे में नक्को ढूंढो. उमर के साथ घुल जाता." मी विचारलं, तुम्हाला कुणी शिकवलं? म्हणाला, हात कू मालूम. माझ्या पुस्तकाच्या दोन ओळी त्याच्या हाताला ठाऊक होत्या. एका छोट्या बकऱ्याची त्यानं कागदात बांधून दिली, फिकट गुलाबी, मऊ, दोन पानं जोडल्यासारखी. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, एवढीशी? हो, म्हटलं, एवढीशी. काल मी दोन ओळींचा धडा दोन तास शिकवला.

गोळ्या वेळेवर घे. जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी.

आक्का

(गाडीत चढताना तू "बरं, आक्का" म्हणालीस, म्हणून अशी सही केली. चुकून म्हणाली असशील तर कळव.)


मावला
२ मार्च १९९८

प्रिय आशा,

तुझं पत्र आलं, तू लिहिलेलं. पहिल्या पानाचं अक्षर सरळ, शेवटच्या चार ओळी तिरक्या. किती वाजता लिहिलंस ते कळलं मला.

तू लिहितेस, ऑपरेशन नको. गोळ्यांनी घास उतरतो आहे तेवढं पुरे. छाती उघडून, महिनाभर नागपूरला पडून राहायचं, दादांचे तर हरभरा काढणीचे दिवस, आणि महिपत राहतो म्हणाला तरी त्याच्या भरवशावर तू जाणार नाहीस. तुझंच वाक्य उतरते: "त्या वर्षी त्यांनी येक डाव डाक्टरचं नाव काढलं असतं, तर मी जन्मभर त्यांच्या पायाशी राह्यली असती. आता कायले राह्यतात उशाशी?"

डॉक्टर काय म्हणाले ते तुला पुन्हा सांगते. फोटोत ग्रंथी मोठी दिसते. ती काढली तर सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना आराम पडतो; लगेच नाही, वर्ष-दोन वर्षांनी. वय कमी असताना काढलेली बरी. तू एकतीसची आहेस. नुसत्या गोळ्यांचा डोस वाढत जाईल, आणि एखाद्या तापात श्वास अडकला तर पाटणबोरीहून नागपूर फार लांब आहे. म्हणून हे पत्र लिहावंच लागतंय. डिसेंबरात लिहिलं होतं की विझवणारं कुणी नव्हतं. ते खोटं होतं. मला ते लिहिताना माहीत होतं.

एक होता. सीतादहीच्या त्या रात्री महिपत मागच्या अंगणात माझ्याकडे आला. म्हणाला, "आक्का, हिले नागपूरले दाखवून आणतो. इच्या डोयात काही तरी हाय." बैलाच्या जोडीसाठी ठेवलेले पैसे मोडून न्यायला तयार होता. मी म्हटलं, डॉक्टरकडे याला औषध नाही महिपत, आधी मी बघते. तो म्हणाला, तू शिकेल हायस, तुले समजते. आणि गप्प बसला. मग मी काटा काढला. तीन दिवसांनी पान वाचलं तेव्हा तो ओसरीच्या खांबाला धरून उभा होता, तुला आठवत असेल. तुला वाटलं तो तुझ्याविरुद्ध गप्प आहे. तो माझ्या शिक्षणापुढे गप्प होता.

त्यानं डॉक्टरचं नाव काढलं होतं, आशा. मी काढू दिलं नाही.

परवा मी तलमडुगूला जाऊन त्याला विचारलं, आठ वर्षांत तू तिला हे सांगितलं काऊन नाही? एकदा तर पाटणबोरीच्या दारापर्यंत जाऊन आलास. तो सरकी भिजत घालत होता, हात थांबवला नाही. म्हणाला, "तुहं नाव सांगून ती वापस आली असती काय? मंग कायले तुले खाली पाडू." मला वाटतं, त्याला हेही वाटत असावं की घरातलं एक तरी माणूस हुशार राहू दे.

हे तुला आधी सांगायला हवं होतं. जानेवारीत तू मला आक्का म्हणालीस आणि मला ते हवंसं वाटलं, म्हणून राहू दिलं. आता तुला कुणावर रागवायचं ते नीट ठाऊक असावं. माझ्यावर रागाव. पण त्या रागापायी ऑपरेशन सोडू नकोस. महिपतला उशाशी बसू दे. त्याचं बसायचं आठ वर्षांपासून राहिलं आहे.

मी हे आईसमोरही बोलले. संध्याकाळी तिनं विचारलं, "तिले भाकर गियता येते काय आता?"

विनोदिनी


मावला
२१ एप्रिल १९९८

आशा,

महिपतच्या हातून देते आहे. "आक्काले म्हणा, नागपूरले येऊ नका" असं तू त्याला सांगितलंस. येत नाही.

ऑपरेशननंतर शुद्धीवर येशील तेव्हा घशात नळी असेल, बोलता येणार नाही. घाबरू नकोस. नर्सला सगळं सांगून ठेवलं आहे, म्हणजे महिपतला सांगून ठेवलं आहे, तो सांगेल. त्यानं तुझ्या गोळ्यांच्या वेळा हातावर पेननं लिहून पाठ केल्या. देवकाबाईंनी चटणी दिली आहे, ती तू लगेच खाऊ नकोस.

हे पत्र त्याला सकाळी वाचून दाखवायला सांग.

वि.


मावला
१९ ऑक्टोबर १९९८

प्रिय आशा,

सहा महिने मी लिहिलं नाही. तू येऊ नका म्हणाली होतीस, ते पत्रालाही लागू असावं असं मी धरलं. महिपत आठवड्याला बाजारात येतो तेव्हा बातमी कळायची. नळी निघाली. टाके सुकले. पाटणबोरीला गेली. मधेच गोळ्या वाढवाव्या लागल्या. मग थोड्या कमी झाल्या. डॉक्टर म्हणतात, एवढ्यात काही सांगता येत नाही, हे ग्रंथी काढल्याचं की गोळ्यांचं ते वर्षानं कळेल. मी मुलांना सांगते तसंच मला स्वतःला सांगत होते, एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये.

तुझं कार्ड परवा आलं. यांनी कचेरीतून येताना टपालवाल्याकडून हातोहात आणलं आणि उगीच गंभीर चेहऱ्यानं माझ्यापुढे धरलं, समन्स असल्यासारखं. मी उभ्यानंच वाचलं. वर कोपऱ्यात तारखेच्या शेजारी तू वेळ घातली आहेस. संध्याकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. आणि खाली एकूण एक ओळ सरळ आहे. मी पट्टी लावून पाहिली. मोजायची खोड जात नाही माझी.

तू लिहितेस, "दसऱ्यापासून तलमडुगूले आली. दुपारी निजते, कोणी काही म्हणत नाही. सासूबाई भाकर मऊ करून देतात अन् मी गियेपर्यंत तोंडाकडे पाहत राह्यतात, लाज वाटते. तुमचा राग आहे. रोज नसते. तुमी या. दिवाळीनंतरच्या सोमवारी सीतादही आहे. काटा आणू नका."

शेवटच्या तीन शब्दांवर मी हसले.

राग रोज नसतो, एवढं मला पुष्कळ आहे. ज्या दिवशी असेल त्या दिवशी सांग. मी देवकाबाईंबरोबर दुसऱ्या ओळीत वेचीन. मला चांगलं वेचता येत नाही हे तुला माहीत आहे; बोंडाचा कचरा सगळा कापसात येतो. बाबा म्हणायचे, विनूचा कापूस म्हणजे अर्धी पाचट. बघून हस. तुझं हसू आता कसंही उमटलं तरी मी ते हसूच समजेन.

दही मी आणते. घरचं विरजण आहे, आंबट होत नाही. भांडं मात्र तू धर. दुपार असली तरी तूच धर. पडलं तर पडलं, मी जास्तीचा भात आणते.

मी रविवारी संध्याकाळी पोचेन. हे पत्र केव्हाही वाच.

तुझी,
आक्का